केकला बांधलेली फीत

प्रिय एल्सी,

फीत मी काढली होती. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं बडबडत बसेन आणि कागद संपून जाईल. तुझ्या आजीच्या झाडाची गुलाबी फीत मी काढली. जुलैच्या पहिल्या शनिवारी, ऐन थंडीत, सकाळी सव्वाआठला. आणि ती नोरीनमावशीच्या केकच्या डब्याला बांधली. दहा वाजता सगळ्यांनी हसत हसत केक खाल्ला. झाड त्याच्या आधीच आडवं झालं होतं.

मेसेज का नाही केला, असं म्हणशील. मेसेज केला असता तर तू लगेच फोन केला असतास, आणि फोनवर मला खोटं बोलता येतं. कागदावर जमत नाही. प्रत्येक शब्द बरोबर आहे की चूक हे बघण्यातच माझी अर्धी अक्कल खर्च होते, खोट्याला उरतच नाही. तुला माहितीय माझं शुद्धलेखन. शाळेत तूच माझे निबंध लिहून द्यायचीस आणि बाई माझं पूर्ण नाव घेऊन म्हणायच्या, "टिपेने, तुझं अक्षर सुधारलं बरं का, अगदी मुलीसारखं झालंय."

इथे काय चाललंय ते सांगतो. दक्षिणेचा वारा सुटलाय, चार दिवस थांबलेला नाही. गवत सकाळी पायाखाली काचेसारखं मोडतं. आपला ओढा अजून विलोच्या झाडांनी गच्च भरलेला आहे, वरच्या पुलापासून मेंढ्यांच्या कुंपणापर्यंत. तू गेलीस तेव्हा आम्ही चौदा जण होतो, आता अकरा. सगळ्यांच्या वयाची सरासरी काढली तर सत्तर येईल, आणि तीही मी आहे म्हणून. दर शनिवारी हिवाळाभर आम्ही जमतो, विलो कापतो, परत फुटू नये म्हणून बुंध्याला निळं औषध लावतो, फांद्या वर ओढून ढीग करतो. माझी जागा तीच, खाली जाळीपाशी. छातीपर्यंतचे रबरी बूट घालून पाण्यात उभं राहायचं आणि वरून वाहत येणारी विलोची काडी न् काडी वेचायची. एक काडी सुटली की खाली कुठेतरी रुजणार आणि पाच वर्षांनी तिचं झाड होणार. हे मला तुझ्या आजोबांनी शिकवलं. त्याच रात्री मी एक काडी त्यांच्या पत्रपेटीखालच्या कुंडीत खोचून आलो होतो, आठवतं? सप्टेंबरात तिला पालवी फुटली आणि ते शिव्या देत माझ्या घरी आले. "गाढवा, सबंध ओढा साफ करतोय मी, आणि तू माझ्या दारात ओढा लावतोस?" मी त्यांना कोरो, म्हणजे आजोबा, म्हणायला लागलो ते तेव्हापासून. माझा स्वतःचा आजोबा मी पाहिलेला नाही. मग म्हटलं, शिव्या देणारा आहे तर हाच घेऊ.

त्यांचा नियम तुला पाठ असेल. प्रत्येक शनिवारी करवत सुरू करण्याआधी ते म्हणणारच, "पानं असतील तर आपलं, बोडकं असेल तर परकं." आपली झाडं हिवाळ्यात पानं टाकत नाहीत, विलो टाकतो. सोपं आहे, डोकं चालवावं लागत नाही. फक्त कोटुकुटुकु तेवढा बेइमान. आपला असून आपल्या इथल्या थंडीत पार बोडका होतो. म्हणून तर फीत. गुलाबी फीत म्हणजे हात लावू नका, हे आपलं आहे.

आणि पहिली फीत तुझ्या आजीच्या कोटुकुटुकुलाच होती. मला हे मागच्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं. ऊनाआजीने विणकामातली गुलाबी लोकर बांधली होती म्हणे, आजोबांनी ओढ्याचं काम सुरू केलं त्या पहिल्या हिवाळ्यात. सगळ्यांसमोर म्हणाली, "हेक्टर, तुझ्या हातात करवत आली की तुझं डोकं सुट्टीवर जातं. माझ्या मुरंब्याचं झाड आहे हे. तोडलंस तर जेवायला ओढ्यावरच बस." लोकर गेली, प्लॅस्टिकची फीत आली, आजी गेली, फीत राहिली. आपल्याला मात्र ते झाड वेगळ्याच कारणाने आपलं वाटायचं ना? वसंतात त्याच्या फुलांचा निळा पराग तू ओठांना लावायचीस. मला पण लावायचीस, जबरदस्तीने. आजी म्हणायची, दोघं बुडून मेल्यासारखी दिसताय, तोंडं धुवून या. मी धुवायचो नाही. दोन-दोन दिवस धुवायचो नाही. असो.

तर त्या शनिवारी. नोरीनमावशीने फळांचा केक आणला होता आणि तिची ती सवय, दहाच्या आधी डब्याला कुणी बोट लावायचं नाही. मी मागच्या वेळी लावलं होतं म्हणून खास माझ्याकडे बघून म्हणाली, "टिप्या, हात लावलास तर तुझ्याच बुंध्याला औषध लावीन." मग मला सुचलं. हात लावू नका, तर हात लावू नका. फीतच बांधून टाकू. फितीचं रीळ कोरोंच्या खिशात होतं, ते मागितलं तर गंमत फुटली असती. आणि वाटेवर पहिलंच झाड आजीचं. दुहेरी गाठ होती. बोटं गारठलेली, सुटेना, म्हणून मी दातांनी सोडवली. एल्सी, इतकी मेहनत मी शाळेच्या एकाही परीक्षेत केली नाही. चहा झाला की परत बांधू असं ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. वरच्या पुलापासून काम सुरू होणार होतं, आजीच्या झाडापर्यंत यायला दुपार झाली असती.

पण पुलाजवळचा काठ गोठून गुळगुळीत झाला होता. कोरोंनी ऐनवेळी ठरवलं, आज खालून वर जाऊ. मी तेव्हा जाळीपाशी पाण्यात होतो, मला कोण सांगणार. करवत जवळच वाजायला लागली तेव्हा वाटलं वाऱ्यामुळे असेल. मग काड्या यायला लागल्या, आणि काड्यांमध्ये एक सालीचा तुकडा आला. केशरी, कागदासारखा पातळ, गुंडाळलेला. विलोची साल अशी नसते. अशी साल आपल्या ओढ्यावर एकाच झाडाची असते, हे तुलाही माहितीय आणि मलाही. मी तो उचलला आणि खिशात घातला. जाळीत टाकायच्या ऐवजी खिशात. आणि स्वतःला सांगितलं, वरून कुठून तरी आला असेल. मग वर जाऊन सगळ्यांबरोबर चहा प्यायलो. केकची फीत बघून सगळे खो खो हसले. सगळ्यात जास्त कोरो हसले. "चला, या ओढ्यावर वाचवण्यासारखी एक तरी गोष्ट निघाली," म्हणाले. मी पण हसलो. खिशात हात घालून हसलो.

नोरीनमावशी किटली धुवायला काठाकडे गेली आणि तिथूनच तिने हाक मारली. हाक पण नव्हती ती, नुसतं "हेक्टर" एवढंच. आम्ही गेलो. बुंधा ताजा होता, वर औषध लावलेलं, निळंभोर, ओलं. मला एकदम तुझे ओठ आठवले आणि मी दुसरीकडे बघायला लागलो. मावशी म्हणाली, "फीत नव्हती का बांधलीस?" करवत त्यांनीच चालवली होती, एल्सी. दुसऱ्या कुणी नाही. ते बुंध्याकडे बघत राहिले, मग आपल्या हातमोज्यांकडे. म्हणाले, "विसरलो असेन." एवढंच. आणि फीत तेव्हा मावशीच्या एप्रनच्या खिशात होती, माझ्यापासून चार हातांवर. कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तोंडात केकचा शेवटचा तुकडा होता, तो मी चघळत राहिलो.  त्यांनी करवत गाडीत ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या शनिवारपासून दुसरं कुणीतरी बघा." वीस वर्षांत पहिल्यांदा ते दुपारच्या आत घरी गेले.

मी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी गेलो त्यांच्याकडे. म्हटलं मारतील, मारू दे. दार ढकललं, नेहमीसारखं उघडंच होतं, आत गेलो, आणि स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यावर थांबलो. सगळीकडे गुलाबी फिती. किटलीच्या कानाला एक. शेगडीच्या बटणाला एक. औषधांच्या डबीला, मागच्या दाराच्या किल्लीला, डाव्या बुटाला. फोनच्या वायरला. फर्गसच्या पट्ट्याला पण. तो बिचारा म्हातारा कुत्रा शेपूट हलवत माझ्यापुढे आला, बक्षिसाचा मेंढा असावा तसा गळ्यात फीत घालून. मला आधी हसूच आलं. वाटलं म्हाताऱ्याने माझ्यावर कडी केली, केकचा सूड घेतला.

मग कोरो आतून आले आणि त्यांनी माझं तोंड बघितलं आणि मी त्यांचं. मला कळलं की ही गंमत नाही. मी भडाभडा ओकून टाकलं सगळं. दातांनी गाठ सोडवली ते, केक, साल, खिसा, सगळं. ते ऐकत होते, आणि एल्सी, त्यांचा चेहरा असा उजळत गेला, मी कधी बघितला नव्हता तसा. "म्हणजे मी बांधली होती?" म्हणाले. मी म्हटलं, "बांधली होती, दुहेरी गाठ." "म्हणजे मी विसरलो नव्हतो!" आणि डोक्यावरची लोकरीची टोपी काढून मला मारायला लागले. "गाढवा! मेंढरा! आठवडाभर झोपलो नाही मी!" मारत होते आणि हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी. मग चहा केला. दोन वेळा साखर घातली.

चहा पिताना म्हणाले, तुझं कबूल करून झालं, आता माझं ऐक. मागच्या हिवाळ्यापासून हे सुरू झालंय. नावं जातात. किटली ठेवली की जाते. एकदा दुकानातून घरी येताना वळण सापडेना, तेव्हा फर्गसला पुढे सोडलं आणि त्याच्या मागे मागे आले. तेव्हापासून फिती. फीत आहे म्हणजे लक्ष दे, हे आपलं आहे, हे जपायचंय. "ओढ्यावरच्या पण?" मी विचारलं. म्हणाले, "लोकांना वाटतं मी त्यांच्यासाठी बांधतो." मग बराच वेळ फर्गसचे कान कुरवाळत बसले. ऊनाआजीच्या लोकरीची गोष्ट त्यांनी मला तेव्हा सांगितली. आणि शेवटी माझा हात धरून म्हणाले, "एल्सीला कळता कामा नये. तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. ती सगळं टाकून येईल, मला माहितीय ती. शपथ घे." मी घेतली. तुझीच घेतली. म्हणजे बघ, हे पत्र लिहून मी काय करतोय.

मला वाटलं, संपलं. कबूल केलं, मार खाल्ला, मोकळा झालो. पुढच्या शनिवारी ते ओढ्यावर आले, करवत नाही, नुसते काठावर खुर्ची टाकून बसायला. मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "टिप्या, खरं सांग. ऊनाच्या झाडाला मी फीत बांधली नव्हती का रे?" मला वाटलं चेष्टा करतायत. करत नव्हते. मी परत सांगितलं सगळं. पहिल्यापासून. परत तो चेहरा उजळला, परत टोपी, परत गाढवा, मेंढरा. त्याच्या पुढच्या शनिवारी परत. काल पाचवी वेळ होती. काल तर मीच त्यांची टोपी काढून त्यांच्या हातात दिली.

लोक म्हणतात खरं बोललं की हलकं वाटतं. मी पाच वेळा बोललो, आणि दर वेळी ते हलके होतात, मी नाही. कारण मला एक गोष्ट कळून चुकलीय आणि ती मी त्यांना एकदाही सांगितलेली नाही. ती साल. आजीचं झाड होतं ते. त्याची केशरी साल हाताला कागदासारखी लागते, आंधळ्यालाही कळली असती. गोठलेल्या दवाने पांढरं झालं असेल, मान्य, पण वीस वर्षं त्याच्याखाली बसून मुरंबा खाल्लेला माणूस त्याला टेकून करवत लावतो आणि ओळखत नाही? फीत नव्हती म्हणून झाड गेलं, हे मी त्यांना दर शनिवारी सांगतो. ते खरं आहे. पण फितीशिवाय त्यांना ते झाड ओळखीचं राहिलंच नव्हतं, हे पण खरं आहे. मी फक्त तेवढंच बोलतो ज्याने ते हसतात. याला कबूल करणं म्हणायचं की अजून एक खोडी, तू सांग. तू हुशार.

ढिगातून मी त्याच्या सात-आठ फांद्या काढून आमच्या मागच्या अंगणात रोवल्या आहेत. सगळ्या काळ्या पडल्या. विलो असता तर आत्तापर्यंत माझ्या खिडकीतून आत आला असता.

मंगळवारी अजून एक झालं. नोरीनमावशी सूप घेऊन त्यांच्याकडे आली, नेमका मी तिथे होतो, आणि तिने त्या सगळ्या फिती बघितल्या. किटली, किल्ली, बूट, फर्गस. तिचं तोंड असं झालं की आता ही विचारणार. आणि एकदा विचारलं की संपलं. मुलगी इनव्हरकार्गिलला वृद्धाश्रमात काम करते तिची, आठवड्याच्या आत खोली बघून येईल ती, चांगल्या मनानेच येईल. कोरो खुर्चीत बसले होते, त्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "मी केलं. गंमत केली. केकसारखी." मावशीने मला जे झापलंय ना, एल्सी! म्हातारा दुःखात आहे, त्याची बायको जिथे बसायची ते झाड गेलंय, आणि तुला फिती सुचतात? लाज आहे का? तुझ्या आईला सांगते. सूपचा वाडगाही मला दाखवून परत पिशवीत घातला. आता सबंध गावात झालंय की टिप्याने हेक्टरच्या घरात फिती बांधल्या. दुकानात कुणी माझ्याशी धड बोलत नाही. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला. एवढ्या वर्षांच्या खोड्यांचा हा पहिला उपयोग. मावशी गेल्यावर कोरोंनी फर्गसला जवळ ओढलं. फर्गसच्या गळ्यातली फीत सैल झाली होती, ती त्यांनी नीट बांधली. दुहेरी गाठ.

आणि आता हे का लिहिलं ते. काल ओढ्यावरून त्यांना घरी सोडलं, पाचव्यांदा मार खाऊन. चहा ठेवत होतो. शेल्फवर तुझा फोटो आहे, निळ्या ओठांचा, मी अर्धा कापला गेलोय तो. त्याच्या चौकटीला पण फीत आहे, पहिल्यापासून आहे, मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. कोरो त्याच्यासमोर उभे होते, फीत दोन बोटांत धरून. मला म्हणाले, "टिप्या, फीत आहे म्हणजे ही आपली आहे, तेवढं कळतंय मला. पण कोण रे ही?" मी तुझं नाव सांगितलं. ते लगेच म्हणाले, "हो हो, एल्सी, एल्सीच," आणि हसले, पण तसं नाही जसं टोपी मारताना हसतात. म्हणून शपथ मोडली. ये. परीक्षा काय आहे ती बघ, पण ये, सप्टेंबर उजाडायच्या आत ये, आपणहून आल्यासारखी, सुट्टी मिळाली म्हण, तिकडच्या उन्हाचा कंटाळा आला म्हण. बसस्टॉपवर मी असेन. मागच्या वेळी तिथे तुला जे सांगायचं होतं ते या वेळीही सांगणार नाही, घाबरू नकोस, नुसती बॅग उचलीन. आणि एक. झाडाची फीत मी काढली हे हवं तर सगळ्यांना सांग, माझी काही तक्रार नाही. पण घरातल्या फिती माझ्या नाहीत, हे नको सांगूस. नोरीनमावशीला नको, माझ्या आईला नको, कुणालाच नको. कुणी विचारलंच तर म्हण, दुसरं कोण असणार, टिप्याचंच काम. पाया पडतो तुझ्या, एल्सी. कुणाला सांगू नकोस.

तुझाच,
टिप्या